पुण्यात कायमचं परत येतोय. हेल्थ इन्शुरन्स आधी घ्यायचा की आल्यावर?

परसदार | ९ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. आम्ही दोघं न्यू जर्सीत एडिसनला, ३१ वर्षं झाली. मिस्टर ६६, मी ६३. जून २०२७ ला ते नोकरी सोडणार आणि आम्ही कायमचे पुण्याला, कोथरूडला फ्लॅट आहे तिथे. दोघंही अमेरिकन नागरिक, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे. मुलगी सिॲटलला, ती तिकडेच राहणार. सगळं ठरलंय, सामान काय न्यायचं त्याच्या याद्यासुद्धा झाल्या, फक्त हेल्थ इन्शुरन्सपाशी येऊन गाडी अडलीये.

ह्यांना डायबेटिस १४ वर्षं आणि २०१९ मध्ये एक स्टेंट टाकलाय. मला थायरॉइड आणि उजवा गुडघा. माझ्या डोक्यात असं होतं की आधी जाऊन सेटल होऊ, बँकेची कामं उरकू, मग निवांत दोन-चार कंपन्या बघून पॉलिसी घेऊ. पण परवा नणंदेचा फोन आला तर ती म्हणाली वहिनी असलं काही करू नका, आत्ताच घ्या. आत्ता म्हणजे इथे बसून? ओसीआयवाल्यांना देतात का? आणि मेडिकेअरचं (अमेरिकेतला ६५ नंतरचा सरकारी इन्शुरन्स) काय करायचं, ह्यांनी त्यातला पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, अजून घेतलेला नाही कारण ऑफिसचा इन्शुरन्स आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, मी वहीत उतरवून घेतेय.

वाईचा_घाट | ९ नोव्हेंबर २०२५

परसदार ताई, तुमची नणंद शंभर टक्के बरोबर सांगतेय. आम्ही नेमकं तुमच्या डोक्यात आहे तसंच केलं आणि त्याची किंमत मोजली, म्हणून लिहितोय.

आम्ही ऑक्टोबर २०२१ ला मिशिगनहून आलो. आल्यावर घराचं काम काढलं, मग आईचं आजारपण, असं करत करत पॉलिसी घ्यायला २०२२ चा ऑगस्ट उजाडला. मिसेसना बीपी होतं, ते फॉर्मवर लिहिलं, कंपनीने पॉलिसी दिली पण आधीच्या आजारांना चार वर्षं वेटिंग, म्हणजे तेवढा काळ त्या आजारांचा क्लेम मिळत नाही. पुढच्याच वर्षी दिवाळीच्या आधी तिच्या छातीत दुखायला लागलं, अँजिओग्राफीत तीन ब्लॉक, बायपास. कॅशलेसला पाठवलं तर उत्तर आलं की हे बीपीशी निगडित आहे आणि वेटिंग चालू आहे. सगळं बिल आम्ही भरलं. भरू शकलो ही देवाची कृपा, पण आयसीयूच्या बाहेर बसून मुलाला फोन करून एफडी मोडायला सांगणं काय असतं ते मी विसरू शकत नाही.

कंपनीने नियमाबाहेर काही केलं असं मी म्हणणार नाही, पॉलिसीत लिहिलेलंच होतं. माझं म्हणणं एवढंच की वेटिंगचं घड्याळ पॉलिसी घेतली त्या दिवसापासून चालू होतं, तुम्ही विमानातून कधी उतरता त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मी २०१८ ला पुण्याच्या ट्रिपमध्ये पॉलिसी घेतली असती तर येईपर्यंत तीन वर्षं संपून गेली असती. तेव्हा वाटायचं वापरायची नाही त्या पॉलिसीचे हप्ते कशाला भरा.

ओसीआयला मिळते. इकडचा पत्ता, केवायसी, आणि पैसे एनआरई किंवा एनआरओ खात्यातून (परदेशात राहणाऱ्यांची इथली बँक खाती). फक्त मेडिकल टेस्ट बहुतेक वेळा भारतात येऊनच कराव्या लागतात, त्यामुळे ट्रिपला आलात की पहिल्या आठवड्यातच त्या मागे लागा, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

मस्कत_ते_मिरज | १० नोव्हेंबर २०२५

वाईचा_घाट दादा, वाचून वाईट वाटलं. वहिनी आता ठीक आहेत ना?

माझा अनुभव जोडतो, गल्फवाल्यांना उपयोगी पडेल. मी मस्कतला १९ वर्षं, कंपनीचा ग्रुप इन्शुरन्स, बायको-मुलं सगळे त्यात. मला वाटायचं एवढी वर्षं सलग कव्हर आहे म्हणजे इकडे आल्यावर पोर्ट होईल (जुनं कव्हर नव्या कंपनीत पुढे चालू राहील), निदान वेटिंग तरी माफ करतील. तसं काही नसतं. पोर्टिंग भारतातल्या एका कंपनीकडून भारतातल्याच दुसऱ्या कंपनीकडे. बाहेरचं कव्हर कितीही जुनं असो, इथे तुमची पाटी कोरी. आणि तिकडची नोकरी सुटली की तो ग्रुप इन्शुरन्सही संपतो, म्हणजे ऐन साठीत हातात काहीच नाही. मिरजेला हॉस्पिटलं रग्गड आहेत, डॉक्टर उत्तम आहेत, प्रश्न पैशाचाच येतो.

वाईचा_घाट | १० नोव्हेंबर २०२५

हो हो, ठणठणीत आहे. रोज सकाळी तळजाईला जाते चालायला.

पॉलिसीवाचक | १० नोव्हेंबर २०२५

मी २२ वर्षं क्लेम विभागात काढली, तीन वर्षांपूर्वी रिटायर झालो. आता कुठली पॉलिसी विकत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

आधी नियम, कारण नेटवर जुनी माहिती फार फिरतेय. १ एप्रिल २०२४ पासून आयआरडीएआयने (इन्शुरन्सची सरकारी नियामक संस्था) आधीच्या आजारांचं वेटिंग जास्तीत जास्त ३६ महिने केलंय, आधी ४८ होतं. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदलणं असल्या ठरावीक यादीतल्या आजारांनाही कमाल ३६ महिनेच. पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच नाही. ६५ नंतर नवीन पॉलिसी मिळत नाही असं अजून लोक सांगतात, ते आता खरं नाही, वयाची ती अट काढलीये. पण लक्षात घ्या, पॉलिसी बाजारात सगळ्या वयांसाठी असली तरी तुमचा अर्ज घ्यायचा का नाही हे कंपनी तुमचे रिपोर्ट बघून ठरवते. स्टेंट असलेल्याला एक कंपनी नाही म्हणेल, दुसरी प्रीमियम वाढवून देईल, त्याला लोडिंग म्हणतात, तिसरी नुसतं वेटिंग लावून देईल. त्यामुळे एक नकार आला म्हणून धीर सोडू नका, पण पुढच्या फॉर्मवर आधी नकार आला होता का असं विचारलेलं असतं, तिथे खरं लिहा.

आता निवडायचं कसं. लोक सम इन्शुअर्ड (कव्हरची रक्कम) आणि प्रीमियम हे दोनच आकडे बघतात. मी आधी रूम रेंटचं कलम उघडतो. समजा पॉलिसीत रूमला दिवसाला ५,००० ची मर्यादा आहे आणि तुम्ही १०,००० ची रूम घेतली, तर वरचे ५,००० तुम्ही भराल आणि विषय संपला असं वाटतं ना? नाही संपत. डॉक्टरची फी, ओटी चार्जेस, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं, म्हणजे निम्मं. चार लाखांच्या बिलात असे खर्च २ लाख ४० हजार असतील तर १ लाख २० हजार तुमच्या खिशातून, रूमचा फरक वेगळा. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कपात लागत नाही आणि आयसीयूलाही नाही, पण बाकीच्यातच माणूस गार होतो. डेस्कवर बसून मी कितीतरी मुलांना हे समजावून सांगितलंय, वडील आत ॲडमिट आणि मुलगा विचारतोय की काका पॉलिसी दहा लाखांची आहे मग कापता कसे. फार वाईट वाटायचं. म्हणून रूमला मर्यादा नसलेली किंवा निदान सिंगल प्रायव्हेट रूम पूर्ण देणारी पॉलिसी घ्या, थोडा प्रीमियम जास्त गेला तरी चालेल.

दुसरं को-पे, म्हणजे प्रत्येक बिलातला तुम्ही भरायचा ठरलेला वाटा. सिनिअर सिटीझन नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पॉलिसीत २० टक्के किंवा जास्त को-पे असतो. प्रीमियम कमी दिसतो तो त्यामुळेच.

तिसरं सब-लिमिट, म्हणजे मोतीबिंदूला इतके, गुडघ्याला इतके असे ठरलेले आकडे. ताई तुमचा गुडघा आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

आणि आत्ताच पुरेशी मोठी घ्या. नंतर पाच लाखांची पंधरा केलीत तर वाढीव दहा लाखांना वेटिंग परत पहिल्यापासून. मोठी बेस पॉलिसी परवडत नसेल तर दहाची बेस आणि वर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरलेल्या रकमेच्या वरचं बिल भरणारी पॉलिसी. नुसता टॉप-अप नको, कारण साधा टॉप-अप प्रत्येक क्लेमला वेगवेगळी मर्यादा लावतो, सुपर टॉप-अप वर्षभराचे क्लेम एकत्र धरतो.

हर्णै_बंदर | ११ नोव्हेंबर २०२५

पॉलिसीवाचक काका, किती नीट लिहिलंत! प्रिंट काढून ठेवली.

आम्ही टोरांटोहून दापोली तालुक्यात आलो, सासऱ्यांचं घर आहे. पुण्या-मुंबईत न राहता गावी येणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. बऱ्याच कंपन्या शहरांचे झोन करतात. गावचा पत्ता दिला की प्रीमियम स्वस्त, म्हणून आम्ही खूश. पण काही पॉलिसीत असं कलम असतं की स्वस्त झोनमधली पॉलिसी आणि उपचार मुंबईत, तर को-पे लागणार. आता मला सांगा, दापोलीच्या माणसाला मोठं दुखणं आलं तर तो कुठे जाणार? डेरवणला वालावलकर हॉस्पिटल आहे, त्याचा मोठा आधार आहे या भागाला, पण काही गोष्टींसाठी मुंबईच गाठावी लागते. आम्ही पहिल्या रिन्युअललाच जास्तीचा प्रीमियम भरून मुंबईचा झोन घेतला. घ्यायच्या आधी हॉस्पिटलांची यादी बघताना घरापासून किती तासांवर आहे ते पण बघा, पावसाळ्यात घाटात दरड आली तर काय याचा सुद्धा विचार करा.

लेस्टरवासी | ११ नोव्हेंबर २०२५

यूकेवाल्यांचं थोडं वेगळं. एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, तुम्ही तिथे राहता म्हणून मिळतं, ४० वर्षं नॅशनल इन्शुरन्स भरला म्हणून नाही. कायमचे निघालात की हक्क गेला, मग सुट्टीत नातवंडांना भेटायला गेलात तर हॉस्पिटलचे पैसे लागू शकतात, ट्रॅव्हल इन्शुरन्स काढूनच जावं लागतं. ए अँड ई (इमर्जन्सी विभाग) मध्ये तातडीचं बघतात पण ॲडमिट केल्यावर बिल येऊ शकतं. पेन्शनरना युरोपात जो एस-वन फॉर्म मिळतो तो भारतासाठी नाही. चांगली बाजू ही की पुन्हा कायमचं राहायला परत गेलात तर एनएचएस परत मिळतं, अमेरिकेच्या मेडिकेअरसारखा उशिरा घेतल्याचा दंड वगैरे नाही.

परसदार | ११ नोव्हेंबर २०२५

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं भरभरून लिहाल असं वाटलं नव्हतं. एक प्रश्न विचारायला संकोच वाटतोय पण विचारते. नणंदेच्या ओळखीचे एक एजंट आहेत, ते म्हणाले स्टेंट अमेरिकेत टाकलाय, इथे कुठे रेकॉर्ड नाही, लिहू नका, पॉलिसी पटकन होईल. मिस्टर म्हणतात असं नको. मला पण बरोबर वाटत नाहीये, पण लिहिलं आणि कोणीच दिली नाही तर?

नितळ | ११ नोव्हेंबर २०२५

ताई कळकळीने सांगते, लिहा. सगळं लिहा.

माझ्या बाबांच्या फॉर्मवर एजंटने शुगरच्या रकान्यात "नाही" लिहिलं. बाबांनी वाचलं नाही, सही केली. दोन वर्षांनी किडनीच्या त्रासाने ॲडमिट झाले, डॉक्टरांनी केस पेपरवर स्वतःच्या हाताने लिहिलं की डायबेटिस नऊ वर्षांपासून, कारण बाबांनीच त्यांना खरं सांगितलं होतं, डॉक्टरला कोण खोटं सांगणार. तो कागद कंपनीकडे गेला. क्लेम नाकारला आणि पॉलिसी रद्द केली. पॉलिसी रद्द झाली हे जास्त लागलं आम्हाला, कारण त्यानंतर किडनीचा आजार असलेल्या ७१ वर्षांच्या माणसाला कोण नवीन पॉलिसी देणार? एजंटचा फोन लागेना. बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले की माझ्यामुळे तुम्हाला भुर्दंड. त्यांनी तसं म्हणावं याचं दुःख पैशापेक्षा मोठं होतं.

अमेरिकेतलं रेकॉर्ड इथे नसेल, पण अँजिओग्राफी केली तर स्टेंट दिसतोच. आणि खरं सांगितलं नाही तर दर वेळी ॲडमिट होताना तुम्ही डॉक्टरांपासूनही लपवणार का?

पॉलिसीवाचक | १२ नोव्हेंबर २०२५

नितळ यांच्या शब्दाशब्दाशी सहमत. सलग ६० महिने पॉलिसी चालली की त्यानंतर कंपनी माहिती लपवली या कारणाने क्लेम नाकारू शकत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. एजंट लोक याचाच आधार घेऊन सांगतात की पाच वर्षं गप्प बसा. पण तुमच्या वयात पाच वर्षांत काही होणार नाही यावर पैज लावायची का? आणि जाणूनबुजून लपवलेलं फसवणुकीतच मोजलं जाऊ शकतं.

फॉर्म स्वतः भरा, ऑनलाइन भरलात तरी पूर्ण पीडीएफ मागून घ्या. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवस फ्री-लूक (वाचून, पटली नाही तर परत करायची मुदत) असतो, त्यात आजारांची नोंद नीट झाली आहे का ते तपासा, चूक असेल तर लेखी कळवा. २०१९ चा डिस्चार्जचा कागद, स्टेंटचं कार्ड, शेवटच्या दोन वर्षांची एचबीएवनसी (शुगरची तपासणी), इको, हे सगळं अमेरिकेतल्या डॉक्टरांकडून आत्ताच घेऊन ठेवा, नोकरी सुटल्यावर ते पोर्टल उघडेलच असं नाही.

निर्धास्त | १२ नोव्हेंबर २०२५

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. डॉलरमध्ये रिटायर होणाऱ्याने एवढा व्याप कशाला करायचा? भारतात बायपासचा खर्च अमेरिकेतल्या डिडक्टिबलएवढा (इन्शुरन्स असूनही आधी आपण भरतो ती रक्कम). ५० लाख वेगळे काढून ठेवा, व्याज खात बसतील, लागले तर वापरा. दर वर्षी प्रीमियम वाढतो, ७५ नंतर तर विचारू नका.

वाईचा_घाट | १२ नोव्हेंबर २०२५

राग कसला, हा विचार आम्हीही केला होता. ५० लाख बाजूला ठेवता येत असतील तर ठेवाच, पण पॉलिसीच्या जोडीला. बायपास एकदा होतो आणि संपतो. कॅन्सर तसा नाही, तो तीन-तीन वर्षं खर्च मागतो, आणि दोघांपैकी एकाचा फंड संपला तर दुसऱ्याचं काय? प्रीमियमबद्दल सांगायचं तर जानेवारी २०२५ पासून साठीच्या पुढच्यांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी आयआरडीएआयकडे जावं लागतं. आणि यंदा २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी पूर्ण गेला, तो मोठा दिलासा आहे.

फंड मात्र लागतोच, कारण इथल्या साध्या पॉलिसीत ओपीडी नसते. अमेरिकेतून येणाऱ्यांना हे पचायला वेळ लागतो. महिन्याची औषधं, दात, चष्मा, वर्षाची तपासणी, सगळं खिशातून. ॲडमिट झालात तरी ग्लोव्हज, मास्क असल्या वस्तूंची मोठी यादी आहे जी पॉलिसी देत नाही, त्याचा वेगळा ॲड-ऑन मिळतो, तो घ्या.

बोस्टन_ते_बाणेर | १३ नोव्हेंबर २०२५

मेडिकेअरवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पार्ट ए, म्हणजे हॉस्पिटलचा भाग, दहा वर्षं म्हणजे ४० क्वार्टर टॅक्स भरला असेल तर फुकट आहे, ते घेऊन ठेवायचं, परत गेलात तर कामाला येतं. भारतात मेडिकेअर एक डॉलर देत नाही. खरा प्रश्न पार्ट बी चा. २०२५ ला महिना १८५ डॉलर होता, उत्पन्न जास्त असेल तर अजून वर. नोकरी सुटल्यावर ऑफिसचं कव्हर संपलं की आठ महिन्यांत घेतला तर दंड नाही. तेव्हा घेतला नाही आणि पाच वर्षांनी मुलीकडे परत गेलात, तर दर पूर्ण वर्षाला १० टक्के, म्हणजे ५० टक्के जास्त, आणि तो आयुष्यभर. शिवाय वाटेल तेव्हा घेता येत नाही, जानेवारी ते मार्चमध्येच अर्ज.

आमच्या दोघांच्या घरात यावर महिनाभर चर्चा चालली. आम्ही घेऊन ठेवलाय, कारण दोन्ही मुलं तिकडे आहेत आणि आमच्यातलं एक गेल्यावर दुसऱ्याला इथे एकटं राहता येईल का हे आत्ता सांगता येत नाही. ज्यांची मुलं पुण्यात आहेत त्यांनी सोडला तर मी चूक म्हणणार नाही. हा हिशोब पैशापेक्षा घरातल्या माणसांचा आहे.

आणि एचएसएत (अमेरिकेतलं उपचारांसाठीचं टॅक्स-फ्री बचत खातं) पैसे असतील तर ते राहू द्या, भारतातल्या उपचारांच्या बिलांसाठीसुद्धा ते टॅक्स न लागता काढता येतात, पावत्या मात्र जपा.

कोरीगड | १३ नोव्हेंबर २०२५

७० च्या वर सगळ्यांना आयुष्मान कार्ड मिळतंय ना? मग चार वर्षं कशीतरी काढली की झालं की.

पॉलिसीवाचक | १३ नोव्हेंबर २०२५

ते वय वंदना कार्ड, ऑक्टोबर २०२४ पासून, वर्षाला पाच लाख, कुटुंबात मिळून. चांगली योजना आहे, भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी जरूर घ्या, खाजगी पॉलिसी असली तरी मिळतं. पण ते भारतीय नागरिकांसाठी आहे, ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. परसदार ताईंनी ते धरून चालू नये.

परसदार | १८ जानेवारी २०२६

मंडळी, अपडेट द्यायला आले. डिसेंबरात आम्ही तीन आठवडे पुण्यात होतो. सगळं लिहिलं, स्टेंट, शुगर, थायरॉइड, गुडघा, औषधांची नावं आणि डोस सकट. पहिल्या कंपनीने ह्यांना सरळ नाही म्हटलं, त्या दिवशी रात्री मला झोप नाही आली. दुसरीने टेस्ट करून घेतल्या, पुन्हा कार्डिओलॉजिस्टचं पत्र मागितलं, आणि लोडिंग लावून दिली. दोघांच्या वेगळ्या पॉलिसी घेतल्या, फ्लोटर (दोघांत मिळून एकच) नाही, कारण ह्यांच्यामुळे माझी अडायला नको. रूमला मर्यादा नाही, को-पे नाही. दोघांचं मिळून वर्षाला दीड लाखाच्या आसपास, इथल्या मानाने जास्त वाटलं पण एडिसनला आम्ही जे भरतो त्यापुढे काहीच नाही.

कोथरूडपासून जवळच्या दोन हॉस्पिटलांच्या इन्शुरन्स डेस्कवर स्वतः जाऊन विचारलं की या कंपनीचं कॅशलेस चालू आहे का, कारण वेबसाइटवरची यादी जुनी असू शकते असं तिथल्याच मुलीने सांगितलं. कॅशलेसला एका तासात उत्तर आणि डिस्चार्जला तीन तासांत मंजुरी द्यायचा नियम आहे हेही तिनेच सांगितलं. भली पोर होती.

पॉलिसी २ जानेवारीला सुरू झाली, म्हणजे स्टेंटचं वेटिंग जानेवारी २०२९ ला संपेल. आम्ही येणार जून २०२७ ला, मधल्या दीड वर्षासाठी वाईचा_घाट दादांच्या सल्ल्याने वेगळी रक्कम ठेवतोय. पार्ट बी ह्यांचा घ्यायचा ठरलंय, माझं ६५ होईपर्यंत बघू.

पॉलिसीवाचक काका, एकच राहिलं. माझ्या पॉलिसीत थायरॉइडची नोंद आलीये पण गुडघ्याची नाही आली, फॉर्मच्या पीडीएफमध्ये मात्र आहे. काय करू?

पॉलिसीवाचक | १८ जानेवारी २०२६

आजच ईमेल करा, पॉलिसी नंबर घालून, पीडीएफ जोडून, आणि एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या दुरुस्तीचा कागद, मागा. फ्री-लूकचे ३० दिवस अजून चालू आहेत. नुसता फोन करू नका, लेखी उत्तर येईपर्यंत पाठ सोडू नका. १५ दिवसांत आलं नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, आणि तिथेही महिनाभरात काही झालं नाही तर पुण्यात इन्शुरन्स ओम्बड्समनचं (कंपनीविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) ऑफिस आहे, वकील लागत नाही, फी नाही. पण बहुतेक तिथपर्यंत जावं लागणार नाही.

परसदार | २७ जानेवारी २०२६

काका, आलं एंडॉर्समेंट. गुडघा लिहिलाय. प्रिंट काढून एक कॉपी इथे आणि एक नणंदेच्या कपाटात ठेवायला पाठवली.